'इन अ वर्ल्ड' बघून सोलापूरच्या मुलीनं विचारलंय, व्हॉइस आर्टिस्ट होता येईल का?

तुझे प्रश्न आधी एका जागी घेते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. तू 'इन अ वर्ल्ड' बघितलास, बी.कॉम. झालंय, अशोक चौकाकडं राहतेस, घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी, मैत्रिणी म्हणतात आवाज भारी आहे, पप्पा म्हणतात हे असलं काय काम असतंय का. आणि तुला जाणून घ्यायचंय की पिक्चरमधलं खरं किती, बाईला ह्या धंद्यात आवाज जड लागतो का, सोलापुरी हेल घालवायलाच लागतो का, आणि मुंबईला गेल्याशिवाय काही होतच नाही का. मी आकाशवाणीवर कॅज्युअल, म्हणजे गरजेपुरती बोलावलेली निवेदक, म्हणून सुरुवात केली, मग बरीच वर्षं मुंबईत डबिंग केलं, आता जुळे सोलापुरात घरनंच रेकॉर्ड करून फाइल पाठवते. त्यामुळं ह्या चारही गोष्टींवर मला बोलता येईल, फक्त उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २०१३ चा छोट्या बजेटचा अमेरिकन विनोदी पिक्चर, लेक बेल नावाच्या बाईनं लिहिला, तिनंच डायरेक्ट केला, मुख्य रोलही तिचाच, आणि सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला पटकथेचं बक्षीस घेऊन आली. कॅरोल ही व्हॉइस कोच, म्हणजे नटनट्यांना उच्चार शिकवणारी. तिचा बाप सॅम म्हणजे ट्रेलरच्या आवाजातलं मोठं नाव, आणि तो पोरीला तोंडावर सांगतो की ह्या लाइनीत बाईचा आवाज कुणाला नको असतो. वर स्वतःची तरुण मैत्रीण राहायला येणार म्हणून पोरीला घराबाहेर काढतो, ती बिचारी बहिणीकडं जाऊन राहते. पिक्चरचं नाव आलंय डॉन लाफाँटेनवरनं, हॉलीवूडच्या ट्रेलरचा खराखुरा बादशहा, हजारो ट्रेलर केलेला माणूस, 'इन अ वर्ल्ड' ही सुरुवात त्याची ओळखच होती. तो २००८ ला गेला. पिक्चरमध्ये आता ती गादी कोण चालवणार ह्यावर भांडण आहे, एका मोठ्या सिनेमालिकेच्या ट्रेलरसाठी बाप, बापाचा लाडका चेला आणि लेक, तिघंही एकमेकांच्या विरोधात.

आता खरं किती. कॅरोलला पहिलं काम कसं मिळतं आठव. ठरलेला माणूस वेळेवर उपलब्ध नसतो म्हणून ती तात्पुरता आवाज देऊन ठेवते आणि तोच पसंत पडतो. लोकांना वाटतं हा सिनेमातला योगायोग, पण ह्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे. आम्ही त्याला स्क्रॅच म्हणतो. होतं काय, एडिटर त्या स्क्रॅचवर चित्रं कापतो, म्युझिक त्याच्यावर बसवलं जातं, क्लायंट आठ दिवस तोच आवाज ऐकत असतो, आणि मग मोठ्या आर्टिस्टनं येऊन सगळं मस्त वाचलं तरी क्लायंट म्हणतो, ते आधीचंच बरं वाटत होतं. कान सवयीचा गुलाम आहे, दुसरं काही नाही. त्यामुळं कुणी 'नुसता स्क्रॅच दे गं' म्हणालं तर तो फायनलसारखाच द्यायचा, आणि स्क्रॅच वापरला तर पैसे फायनलचे मिळतील हे आधीच मेसेजवर लिहून घ्यायचं. तोंडी नको.

खोटं म्हणण्यापेक्षा जुनं झालेलं काय, तर ट्रेलर. तो गंभीर आवाजातला निवेदक आता हॉलीवूडमध्येच कमी झालाय, आपल्याकडं मराठी पिक्चरचा ट्रेलर बघ, सगळे डायलॉगचे तुकडे, मध्ये पाट्या आणि दणदण म्युझिक. त्यामुळं ट्रेलरवाली व्हायचं स्वप्न असेल तर ते आत्ताच बाजूला ठेव. काम आहे ते दुसरीकडं. ओटीटीचं डबिंग, कार्टून, ऑडिओबुक, सरकारी योजनांच्या जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म, शाळा-कॉलेजांचे शिकवायचे व्हिडिओ, आणि निवडणुका आल्या की प्रचार.

शेवटाकडचा एक सीन सांगते, ज्यांना पिक्चर बघायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा. काम कॅरोलला मिळतं, आणि मग ती मोठी प्रोड्यूसर बाई तिला बाजूला सांगते की तुला घेतलं ते तू सगळ्यात भारी होतीस म्हणून नाही, बाईचा आवाज ऐकून पोरींना काय वाटेल ह्यासाठी घेतलं. कॅरोलचा चेहरा पडतो. मला हा सीन पूर्ण पिक्चरमध्ये सगळ्यात आवडतो कारण हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडातनं ऐकलंय. आपल्याकडं 'फीमेल व्हॉइस हवाय' असा ब्रीफ, म्हणजे क्लायंटची मागणी, आला की समज, सॅनिटरी पॅड, बाळाचं दूध, मुलींच्या शिक्षणाची योजना किंवा 'कृपया प्रतीक्षा करा'. सिमेंट, टायर, इंजिन ऑइल म्हटलं की पुरुष. बाईनं माहिती द्यायची आणि पुरुषानं खात्री द्यायची, अशी वाटणी आहे ती. आणि गंमत म्हणजे त्याच देशात रेल्वे स्टेशनवर सगळा गाव मान वर करून ज्या आवाजावर विश्वास ठेवतो तो सरला चौधरींचा, बाईचाच. तर काम कुठल्या कारणानं मिळालं ह्यावर माझं मत सरळ आहे, घ्यायचं आणि चोख करायचं. दुसऱ्यांदा बोलावतात ते फक्त कामावर बोलावतात.

जड आवाजाचं म्हणशील तर तो एक भ्रमच आहे. साधारण पुरुषाचा बोलण्याचा आवाज ८५ ते १८० हर्ट्झ आणि बाईचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तुझा आवाज 'पातळ' आहे असं कुणी म्हणत असेल तर तू नॉर्मल आहेस इतकाच त्याचा अर्थ. उलट कुठं कुठं फायदाच होतो. आपल्या नव्या पेठेत रिक्षावर भोंगा लावून सेलची जाहिरात फिरते ना, तो भोंगा खालचे सूर नीट वाजवतच नाही, गाडीच्या आवाजात पुरुषाचा भारदस्त घुमारा सगळा वाहून जातो आणि बाईचा टोकदार आवाज दहा दुकानं पलीकडं कळतो. आणि कार्टून तर आपलंच राज्य आहे. हिंदीतल्या डोरेमॉनला सोनल कौशलचा आवाज, निन्जा हतोडीला आपल्या मेघना एरंडेचा. लहान पोरांचे आवाज जगभर बऱ्याचदा बायकाच करतात, कारण खऱ्या पोराचा आवाज वयात येताना फुटतो आणि सिरीज चालूच असते. पिक्चरमध्ये कॅरोल त्या बारीक, लाडिक आवाजात बोलणाऱ्या पोरींवर वैतागते, ते हसायला ठीक आहे, पण त्या बारीक आवाजावर माझं घरभाडं बऱ्याचदा निघालेलं आहे, म्हणून मी तिच्या बाजूनं नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं टाइप करतेय. पिक्चरमधली सगळ्यात खरी वस्तू म्हणजे कॅरोलचा तो छोटा रेकॉर्डर. ती जाईल तिथं लोकांचे उच्चार टिपत असते. आवाज म्हणजे तिच्यासाठी आधी कान आहे, गळा नंतर. आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणी आरशासमोर स्वतःचा आवाज घोळवत बसलेल्या असतात, दुसऱ्याचं ऐकायचं कुणालाच सुचत नाही. तू तर सोलापुरात आहेस बाई! एका शेअर रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एवढं सगळं ऐकायला येणारं गाव सोडून तू मुंबईला कान घडवायला जाणार? मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चालू असताना जाऊन उभी राहा, तो बोली पुकारणारा माणूस श्वास कुठं घेतो ते बघ, आकड्याच्या मध्ये कधीच घेत नाही. जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळणेवाला आणि भांडीवाला दोघं शेजारी ओरडत असतात, दोघांचा सूर वेगळा का आहे ते ऐक. मंगळवार बाजारातल्या भाजीवाल्या मावशी सकाळी कशा बोलतात आणि संध्याकाळी माल संपवायचा असताना कशा, ते ऐक. मोबाइलमध्ये रेकॉर्ड कर, घरी येऊन तसंच्या तसं म्हणून बघ. फक्त विचारून रेकॉर्ड कर. पिक्चरमध्येही त्या रेकॉर्डरपायी बहिणीच्या संसारात रामायण होतं, ते उगाच नाही दाखवलेलं.

ह्या कानाचा उपयोग कुठं होतो ते डबिंगमधलं सांगते, कारण तेलुगू पिक्चर मराठीत यायला लागलेत आणि तुझ्या घरात तेलुगू आहे. डबिंगला तू हेडफोन लावून स्क्रीनसमोर उभी, कानात मूळ नटीचा आवाज, समोर मराठी कागद. समज नटी क्लोजअपमध्ये 'वद्दु' म्हणते. कागदावर 'नाही' लिहिलंय. अर्थाला चालेल, पण तिचे ओठ शेवटी गोल झालेत आणि 'ही' म्हणताना आपले ओठ पसरतात, प्रेक्षकाला कारण कळत नाही पण काहीतरी नकली चाललंय हे कळतं. तिथं 'नको' म्हटलं की शेवटचा 'को' बरोबर त्या गोल ओठांवर बसतो. प, ब, म ही अक्षरं तर अजून कडक, ओठ मिटलेले दिसले की तिथं आपलंही ओठ मिटणारं अक्षर यायलाच पाहिजे. शिवाय तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतात, म्हणजे वाक्याच्या शेवटी तोंड उघडं राहतं, आणि आपलं 'बास', 'थांब', 'चल' तिथं उघडं पडतं. जिला तेलुगू कळतं तिला वाक्यात राग कुठल्या शब्दावर चढला ते मूळ आवाजातनंच कळतं, बाकीच्यांना नुसता सूर ऐकून अंदाज करावा लागतो. हे घेऊनच तू जन्माला आलीस आणि हेल घालवू का म्हणून विचारतेस.

हेलाचं पण नीट सांगते, कारण 'हेल ठेव, अभिमान बाळग' एवढं बोलून मोकळं होणं म्हणजे तुला फसवणं. बातम्या, बँक, सरकारी फिल्म, ह्यांना प्रमाण उच्चार लागतात आणि ते तुला यायलाच हवेत. न आणि ण, ल आणि ळ, श आणि स, आणि सगळ्यात जास्त च-ज-झ. 'चहा'तला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, 'जग' आणि 'जिना' तसंच, इथं गडबड झाली की स्टुडिओत काचेपलीकडनं लगेच हात वर होतो. आपला दुसरा प्रॉब्लेम म्हणजे वाक्याचा शेवट उचलायची सवय, 'आलोय कीऽ', 'होय की ओऽ', बोलताना गोड वाटतं पण जाहिरातीत प्रत्येक वाक्य त्याच चालीवर संपलं की कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, वाचल्यासारखी नाही, गाऱ्हाणं सांगितल्यासारखी वाटते. ह्यावर उपाय एकच, रोज वर्तमानपत्रातला अर्धा कॉलम मोठ्यानं वाचायचा, रेकॉर्ड करायचा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐकायचे. पण हेल पुसून टाकायचा नाही, हवा तेव्हा चालू आणि हवा तेव्हा बंद करता आला पाहिजे. २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा करमाळ्याची भाषा अख्ख्या महाराष्ट्रानं तिकीट काढून ऐकली, अकलूजच्या रिंकू राजगुरूचं बोलणं पोरी आरशासमोर म्हणत होत्या, त्यानंतर 'जरा गावाकडचं बोलणारी हवी' असे ब्रीफ येतातच. मुंबईतली आर्टिस्ट तिथं नुसतं 'लई' आणि 'हाय' घालून भागवते, ते तुला दोन सेकंदांत खटकेल.

एकच कॉपी घेऊन सराव कर. समज, 'दिवाळीनिमित्त चादरी, टॉवेल आणि बेडशीटवर भरघोस सूट, आजच भेट द्या.' नवीन माणूस 'भरघोस'वर आदळतो, प्रत्येक जण तिथंच आदळतो, म्हणून तो शब्द मेलेला आहे. भोंग्यासाठी वाचायचं असेल तर रिक्षा पुढं जाणार, ऐकणाऱ्याकडं फार तर चार-सहा सेकंद आहेत, त्यामुळं 'चादरी, टॉवेल' सुटं सुटं, व्यंजनं ठोकून, मध्ये पॉज जवळजवळ नाहीच. रेडिओसाठी वाचलंस तर ऐकणारी एकच बाई आहे, स्वयंपाक करतेय, तिला 'दिवाळी' ऐकून पाहुणे आठवले पाहिजेत, तिथं वजन 'बेडशीट'वर, हळू. आणि रीलसाठी पहिला शब्दच कमकुवत असेल तर अंगठा पुढं सरकला, मग क्लायंटला सांगायचं की वाक्य फिरवू का, चादरी पुढं घेऊ का. असं विचारणारी आर्टिस्ट क्लायंट विसरत नाही.

घरच्या स्टुडिओचं थोडक्यात. आधी महागडा माइक घेऊ नकोस. चांगला माइक खोलीतला घुमारा आणि शेजारचा मिक्सर पण चांगलाच पकडतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यात तोंड घालून मोबाइलवर रेकॉर्ड कर, पहिला डेमो, म्हणजे आवाजाचा नमुना, असाही चालतो. पुढं एका कोपऱ्याला तीन बाजूंनी जाड सोलापुरी चादरी दुहेरी टांगायच्या, भिंतीपासून चार बोटं सोडून, घुमारा मस्त मरतो. पण चादर फक्त वरचे सूर खाते, यंत्रमागाची धडधड खालच्या सुरात असते, ती चादरीतनं, भिंतीतनं, फरशीतनं येतेच, आणि तुमच्या भागात माग असणारच. त्यावर माझा जुना इलाज, लाईट गेली की माग बंद, पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद, लॅपटॉप बॅटरीवर लावायचा आणि पटापट वाचून घ्यायचं. मे महिन्यात घामानं हाल होतात, पण बाहेरून फाइल ऐकणाऱ्याला काय की, तो म्हणतो साउंडप्रूफ बूथ केलाय का. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल, मोठ्यात मोठा शब्द उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. आणि त्या ॲपमधलं नॉइज काढायचं बटण दाबू नकोस, त्यानं आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि इंजिनियरला तो परत नीट करता येत नाही.

मुंबईचं. जाहिरात, ऑडिओबुक, व्हिडिओ हे घरनं होतं. पिक्चर आणि सिरीजचं डबिंग अजूनही बरंचसं स्टुडिओत उभं राहून होतं, कारण प्रदर्शनाआधी पिक्चर बाहेर फुटायची सगळ्यांना भीती असते. म्हणून सगळं सोडून जायची घाई नको. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी उतरता येतं, दोन-तीन स्टुडिओत ऑडिशन देऊन रात्री परत. आधी इथं आकाशवाणीच्या कॅज्युअल निवेदकांच्या ऑडिशनकडं लक्ष ठेव. पैसे फार नाहीत, पण घड्याळाकडं बघून बोलायची जी शिस्त तिथं लागते ती कुठल्या वर्कशॉपमध्ये लागत नाही. आणि हो, हजारो रुपये घेऊन 'काम मिळवून देतो' म्हणणारे भेटतील. काम देणारा माणूस आर्टिस्टकडनं पैसे घेत नाही, एवढं लक्षात ठेव. पेमेंट दोन-तीन महिन्यांनी येतं हे धरूनच चाल, पहिली दोन वर्षं टॅली येतंय तर ते हिशेबाचं काम सोडू नकोस, पप्पांचं तेवढं म्हणणं बरोबर आहे.

एक नवीन गोष्ट, जी २०१३ च्या पिक्चरमध्ये असायचं कारण नव्हतं. छोटी कामं, म्हणजे फोनवरची रेकॉर्डेड सूचना, शिकवायचे व्हिडिओ, ही आता एआयच्या आवाजाकडं चाललीत. त्यात वाईट म्हणजे काही लोक 'हजार वाक्यं वाचून द्या' असं साधं काम सांगून तुझ्याच आवाजाची नक्कल बनवतात. २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करण्यावर मुंबई हायकोर्टानं मनाई केली, पण कोर्टात जायची ऐपत आपल्याला कुठली, म्हणून मेलमध्ये आधीच लिहायचं की हा आवाज अमुक जाहिरातीसाठी, अमुक महिन्यांसाठी, आणि एआय ट्रेनिंग किंवा क्लोनसाठी वापरायचा नाही. समोरचा ह्या ओळीवर चिडला तर ते काम घ्यायचंच नाही.

डेमो दीड मिनिटाच्या वर नको. पहिल्या दहा सेकंदांत तुझं सगळ्यात चांगलं, मग एक जाहिरात, एक गोष्टीचा तुकडा, एक लहान पोराचा आवाज, आणि एक खास आपल्या सोलापुरी बोलीतला, तेलुगू घरातल्या मराठीचा असला तर अजून भारी. मागं म्युझिक घालू नकोस, आवाज लपवलाय असं वाटतं. झाला की मला पाठव, दोन-तीन दिवसांत ऐकून सांगते, पण कच्ची फाइल पाठव, सजवलेली नको. आणि पप्पांना तो पिक्चर एवढ्यात दाखवू नकोस, त्यातला बाप त्यांना बराच पटेल.